साध्या वेशातली बाई

‘नाव सांगा,’ मी म्हणाले.

‘अनुसया दत्तू खोत. ऱ्हानार माळेवाडी.’

मी पेन हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. आमच्या कागदावर या बाईचं नाव पार्वती होतं. पार्वती रडत येणार, टेबलावर डोकं टेकणार, गुंडांनी मुलगी पळवली म्हणून सांगणार आणि मग मी बसल्या बसल्या एक मोठं वाक्य म्हणणार, एवढाच सीन होता. ‘बसल्या बसल्या’ हे दिग्दर्शक मगदूमदादांनी मला तीनदा बजावलं होतं. त्याचं कारण टेबलाखाली होतं.

गोष्ट त्र्याण्णव सालची. सिनेमाचं नाव ‘लपलेल्या वाघिणी’. चार महिला पोलीस वेषांतर करून स्मगलरांची टोळी पकडतात, अशी एकंदर कथा. एक गजरे विकणारी होते, एक नर्स, एक नाचणारी आणि मी, म्हणजे इन्स्पेक्टर वीणा, कासारीण होऊन घरोघर बांगड्या भरत हिंडते. स्मगलर कोल्हापूरच्या आसपास नेमकं काय स्मगल करत होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा मगदूमदादा म्हणाले, ‘पेट्या आहेत गं. पेट्यांत काय आहे ते कोण बघतंय?’

आमच्या वर्द्या नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून आणल्या होत्या. चार वाघिणींना चार शर्ट आणि तीन पँटी मिळाल्या. त्यातली एक आदल्या दिवशी मारामारीच्या सीनमध्ये लाथ उगारताना माझ्या अंगावरच उसवली, ती इतकी की शिवणारा हसत सुटला. म्हणून त्या सकाळी मी टेबलाच्या वर पोलीस होते आणि टेबलाच्या खाली माझीच पिवळी सलवार होती, मोठाल्या लाल फुलांची. शर्टावरच्या पट्टीवर ‘पां. ग. शिंदे’ असं नाव होतं. ते बदलायला कुणाला वेळ झाला नव्हता. कॅमेरा लांब आहे, दिसत नाही, असं दादांचं म्हणणं.

ठाणंही असंच. माळावर दूध संकलन केंद्राची एक बंद पडलेली इमारत होती, तिला आमच्या पेंटरने लाल-निळा पट्टा मारला आणि दारावर ‘महिला विशेष पोलीस ठाणे’ असा फलक लावला. पेंटर कामाला पक्का होता. पहिल्याच दिवशी एक म्हातारा आत येऊन हरवलेल्या म्हशीची चौकशी करून गेला. आम्ही दिवसभर हसलो होतो.

तर ती बाई समोर बसली होती आणि कॅमेरा सुरू होता. पन्नाशीची असेल, पण उन्हातल्या कामाने वय जास्त दिसत होतं. कपाळ मोकळं, पदर घट्ट खोचलेला. रडत नव्हती. मला वाटलं, दादांनी कोल्हापुराहून कुणी मुरलेली नटी आणली आहे आणि ती कागद बाजूला ठेवून मनाचं बोलते आहे. मला मनातून रागच आला. दहा वर्षं बालनाट्यांत ससे आणि पऱ्या केल्यावर मला हा पहिला सिनेमा मिळालेला, आणि त्यात माझ्या एकुलत्या एक मोठ्या सीनमध्ये ही भाव खाऊन जाणार.

मी तिला कागदावर आणायचा प्रयत्न केला. ‘म्हणजे तुमच्या मुलीला गुंडांनी पळवलं?’

‘गुंड न्हवं. दीर हाय माझा.’

मी दादांकडे बघितलं. ते कॅमेऱ्यामागून हाताने ‘चालू दे, चालू दे’ करत होते. आमच्या सिनेमात जागेवर आवाज घेतच नसत. सगळं बोलणं नंतर स्टुडिओत बसून भरायचं. त्यामुळे कोण काय बोलतंय याच्याशी दादांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना चेहरा दिसत होता, आणि चेहरा फार चांगला होता. शिवाय रीळ मोजकं. एकदा सुरू झालेला कॅमेरा दादा सहसा थांबवत नसत.

बाई बोलत गेली. नवरा वारून चार वर्षं झाली. घर दिराच्या हाताखाली. मुलगी मालन, पंधरा वर्षांची, नववीत शिकणारी. दिराने तिचं लग्न आपल्या मेहुण्याशी ठरवलं होतं. मेहुणा बत्तीस वर्षांचा, पहिली बायको गेलेली. लग्न उद्या, दुपारी बारा वाजून एकोणीस मिनिटांनी, मारुतीच्या देवळासमोर.

‘तालुक्याला जाऊन आलो मी,’ ती म्हणाली. ‘तितं म्हनले, घरातलं घरात मिटवा.’

माझा गोंधळ उडाला. बारा एकोणीस हे फारच नेमकं होतं. मनाने बोलणारी नटी बारा म्हणेल, साडेबारा म्हणेल. माझ्या हातातलं पेन सुटलं, टेबलावरून घरंगळलं आणि तिच्या बाजूला खाली पडलं. ती उचलायला वाकली. पेन शोधायला लागावा त्याहून जरा जास्त वेळ ती खालीच राहिली. मग वर आली, माझ्या शर्टावरच्या पट्टीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेन माझ्या हातात ठेवलं.

‘लिवा,’ ती म्हणाली.

मी लिहिलं. खरोखरीच लिहिलं. अनुसया दत्तू खोत, माळेवाडी, मुलगी मालन, वय पंधरा. दादा आता बोट गोल गोल फिरवत होते, म्हणजे वाक्य म्हण आणि संपव. दुसरं मी काय म्हणणार होते? मला एवढंच पाठ होतं.

‘आई, तुम्ही निश्चिंत घरी जा. उद्या सूर्य मावळायच्या आत तुमची मुलगी तुमच्या घरात असेल. हा शब्द या खाकीचा आहे.’

तिने मान हलवली. पदराखालून एक जाड लिफाफा काढला, टेबलावरच्या पेपरवेटखाली सरकवला, मला हात जोडले आणि दारातून बाहेर पडली. दादांनी कट म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका दमात सीन ओके झालेला आमच्या सिनेमातला तो पहिलाच.

‘उज्ज्वला, कुठून आणलीस गं ही बाई?’ दादांनी मला विचारलं.

‘मी कुठून आणू? तुम्ही आणलीत ना?’

दादा काही बोलायच्या आत बाहेर रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक ठेंगणी बाई घाईघाईने उतरली. गाडी पंक्चर झाल्याने उशीर झाला, माफ करा, पार्वतीचा सीन झाला तर नाही ना, असं तिने एका श्वासात विचारलं. आम्ही सगळे पेपरवेटखालच्या लिफाफ्याकडे बघत होतो. तिला वाटलं, आम्ही रागावलो.

लिफाफ्यात लग्नाची पत्रिका होती. चि. सौ. कां. मालन, मुहूर्त बारा वाजून एकोणीस मिनिटे. पत्रिकेच्या आत घडी घालून शाळेचा दाखला ठेवला होता. त्यावर जन्मतारीख अक्षरांतही लिहिली होती.

मी माळावर धावत गेले, पण बाई दिसली नाही. परत आले तर सगळ्यांचा वाद सुरू. चार वाघिणींच्या प्रमुखाचं काम करणाऱ्या जयाक्का एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, नाटकांत हयात गेलेली, बोलायला फटकळ. त्यांचं म्हणणं, एवढं कॅमेऱ्याचं धूड, लाइटी, पंधरा माणसं, हे त्या बाईला दिसलं नाही का? दादांनी यावर बराच विचार केला आणि सांगितलं की तिला वाटलं असणार, नव्या ठाण्याचं उद्घाटन आहे आणि पेपरवाले फोटो काढताहेत. हे कुणालाच फारसं पटलं नाही, पण याहून बरं कुणाला सुचेना.

मी म्हटलं, मी तालुक्याला जाते आणि खऱ्या पोलिसांना हा दाखला देते. तेव्हा दादांनी मला बाजूला घेतलं. वर्दी वापरायची, ठाण्याचा फलक लावायचा, तर आधी परवानगी लागते. ती आमच्या निर्मात्याने काढलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात काढू म्हणत राहून गेली होती.

‘तू दाखला घेऊन गेलीस की ते पहिल्यांदा विचारणार, हा दिला कुठं? मग इथं येणार. पिच्चर बंद,’ दादा म्हणाले. ‘आणि ती तिकडं जाऊन आलीय म्हणते ना? मग तू जाऊन निराळं काय होणार?’

मी गप्प बसले. पोस्टरवर माझं नाव येणार होतं, चौथ्या नंबरवर, पण येणार होतं. दुपारी मी कासारीण होऊन स्मगलरच्या बायकोला बांगड्या भरल्या. पाच बांगड्या फोडल्या. दादा ओरडले तरी मला ऐकू येत नव्हतं. मधेच वाटायचं, ती बाई वेडी असेल. मग वाटायचं, कुणीतरी आमची गंमत केली असेल. पण दाखला माझ्या पिशवीत होता आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही होती.

दुसऱ्या दिवशी शूटिंग दुपारनंतर होतं. सकाळी मी जयाक्कांना म्हटलं, दाखला तरी परत द्यायला हवा, पोरीचा कागद आहे, पुढे लागेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चपला घातल्या.

‘दाखला द्यायला जातेस होय?’ त्या म्हणाल्या. ‘एकटी गेलीस तर तिथं रडत बसशील. चल.’

माळेवाडी दोन मैलांवर. चालताना मी जयाक्कांना सांगितलं की त्या बाईला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचं. आम्ही खोट्या आहोत, आमच्यावर विसंबून राहू नका. अजून दोन तास आहेत, दुसरं काही करता आलं तर करा. दुसरं काय, ते मला माहीत नव्हतं. माझ्या अंगात तीच पिवळी सलवार आणि तिच्यावरचा कुडता होता. चारचौघांत जायला माझ्याकडे तेवढाच बरा जोड होता.

देवळासमोर मांडव घातला होता, बँड वाजत होता. मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारी कासारीण बायकांना बांगड्या भरत बसली होती. अनुसाबाई मांडवाला लागूनच असलेल्या घराच्या दारात उभी होती. तिने मला बघितलं. मी हळूच हाताने तिला बाजूला ये म्हणून खुणावलं. ती सरळ मांडवाच्या मधोमध चालत आली, माझे दोन्ही हात धरले आणि बँडच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘आलासा व्हय मॅडम? साध्या वेशात आलासा?’

बँड एकदम थांबला नाही. आधी पिपाणी थांबली, मग ढोल, आणि खुळखुळेवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

मी हात सोडवून घेतले. ‘मावशी, ऐका माझं. मी पोलीस नाही.’

‘साध्या वेशातल्या असंच म्हनत्यात,’ शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली.

गर्दीतून फेटा बांधलेला एक माणूस पुढे आला. हाच दीर, भीमराव खोत. मला वाटलं, आता हा अंगावर येणार. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, बसा, च्या घ्या. मी त्याला सगळं खरं सांगितलं. आम्ही सिनेमाची माणसं आहोत, ते ठाणं खोटं आहे, मी नटी आहे, या जयमालाबाई, यासुद्धा नटी आहेत. तो सगळं ऐकून घेत मान हलवत राहिला.

‘व्हय, व्हय. पिच्चरचं सोंग घेतलंयसा, त्ये कळलंय आमाला,’ तो म्हणाला. ‘गावात कालपास्नं समद्यास्नी ठावं हाय.’

मला वाटलं, आपण मराठीतच बोलतोय ना. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सोंग नाही, खराच सिनेमा आहे. त्याने डोळ्यांनीच मला सांगितलं की समजलं, चारचौघांत बोलू नका. मी जितकं नाही म्हणत होते, तितकी त्याची मान खाली जात होती.

मग मी चूक केली. वाटलं, दाखला तरी देऊन टाकावा आणि निघावं. मी पिशवीतून तो काढला आणि अनुसाबाईपुढे धरला. शाळेचा शिक्का उन्हात सगळ्यांना दिसला.

‘दाखला बी हाय त्यांच्याकडं,’ मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांत आधी भटजी उठले. त्यांनी पळी-पंचपात्र पिशवीत भरलं आणि पंचांगात पुन्हा बघून आजचा दिवस आपल्याला तितकासा बरा वाटत नाही, असं सांगून चालू लागले. नवऱ्या मुलाचा बाप भीमरावला कोपऱ्यात नेऊन विचारत होता की एकूण किती बाया आल्यात. भीमरावला कसं माहीत असणार? मग मांडवातले पुरुष अनोळखी बायका मोजू लागले. वऱ्हाडातल्या बायका खोतांकडच्या बायकांकडे संशयाने बघायला लागल्या आणि खोतांकडच्या वऱ्हाडातल्यांकडे. दोघं जण त्या म्हाताऱ्या कासारणीसमोर जाऊन उभे राहिले आणि तिला कुठल्या गावची, कुणाची कोण, विचारू लागले. ती बिचारी बांगड्यांची माळ छातीशी धरून सांगत होती की ती खरीच कासारीण आहे आणि तीस वर्षं याच गावात येते. तिच्यावरही कुणाचा विश्वास बसेना.

जयाक्कांनी एवढ्या वेळात तोंड उघडलं नव्हतं. त्या खुर्चीवर पाय रोवून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्या मुलाकडे बुटापासून बाशिंगापर्यंत एकदा बघितलं आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे. एवढंच केलं. ते घड्याळ बंद होतं, हे मला माहीत होतं.

बाराच्या आत वऱ्हाड टेम्पोत चढलं. धूळ खाली बसल्यावर भीमराव पुन्हा आमच्यासमोर आला. पोरीचं वय भरल्याशिवाय लग्नाचं नाव काढणार नाही, लिहून देतो, म्हणाला. मी म्हटलं, मला काही लिहून देऊ नका, मी कोणीच नाही.

‘तिच्या आईला द्या लिहून,’ जयाक्का म्हणाल्या.

त्याने पत्रिकेच्या पाठीवर लिहून सही केली. अनुसाबाईने ती हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तारीख राहिली म्हणून परत दिली आणि तारीख घातल्यावर पोलक्यात ठेवली.

नंतर तिने आम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं. तिथे मालन पाटावर बसून शिरा खात होती. कानामागे हळद, मुंडावळ्या काढून शेजारी ठेवलेल्या. तिने आमच्याकडे बघून पटकन तोंड पुसलं आणि उभी राहायला लागली. मी तिला बस म्हटलं. जयाक्का तिच्याशी शाळेचं काहीतरी बोलत बसल्या. मी चुलीशेजारी अनुसाबाईजवळ गेले.

‘मावशी, मी शपथेवर सांगते. मी खरंच पोलीस नाही. उद्या हे उघडं पडेल.’

‘म्हाईत हाय की,’ ती म्हणाली आणि चहात साखर घातली.

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. ‘काय माहीत आहे?’

‘पोलीस न्हाईसा त्ये. पेन उचलाय वाकलो आनि टेबलाखाली फुलं दिसली. म्हनलं, ही कसली पोलीस? वर आलो तर छातीवर पां. ग. शिंदे.’

‘म्हणजे येताना खरं वाटलं होतं?’

‘येताना वाटलं हुतं. बायकांचं ठानं झालंय म्हनून कुनीतरी सांगितलं, इचारत इचारत चालून आलो. ती कॅमेरेवाली मानसं बघितली, म्हनलं असतील पेपरवाली.’ तिने चुलीतला जाळ कमी केला. ‘खाली वाकल्यावर समदं कळलं. वाटलं, हितंच टेबलाखाली बसून ऱ्हावं. वर याय नगं वाटलं.’

पेन उचलायला लागलेला तो जास्तीचा वेळ मला आठवला. त्या वेळी मी वर बसून मनात तिचा हेवा करत होते.

‘मग उठून का नाही गेलात?’

‘कुटं जानार?’ तिने चहा गाळला. ‘खऱ्या पँटी घातलेली मानसं तालुक्याला बघून आलोच हुतो की.’

पुढचं तिने थोडक्यात सांगितलं. माळावरून ती थेट नळावर गेली आणि गावात जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशा एका बाईला गळ्याची शपथ घालून सांगितलं की ते शूटिंग म्हणजे नुसतं सोंग आहे. आत खऱ्या पोलीस बायका आहेत, साध्या वेशात हिंडतात, कुणाच्या लग्नात कुठली बाई त्यांची असेल सांगता येत नाही. दिवस मावळायच्या आत गावभर झालं. आता फक्त एक अनोळखी बाई मांडवात यायला हवी होती.

‘आणि मी आलेच नसते तर?’

‘दाखला दिलता की. पोरीचा दाखला ठेवून घेऊन गप बसनाऱ्यातल्या न्हाई वाटलासा तुमी.’

मी चहाचा कप हातात घेतला. आदल्या दिवशीची अख्खी दुपार मी गप्प बसले होते. स्मगलरच्या बायकोला बांगड्या भरत होते आणि पोस्टरवरचं नाव सांभाळत होते. हे तिला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. लाज वाटली, आणि ती अजूनही वाटते.

‘पण माझ्याच टेबलावर का आलात? पलीकडच्या टेबलावर जयाक्का होत्या. त्या प्रमुख होत्या, त्यांच्याकडे पँटही होती.’

ती माझ्या सलवारीकडे बघून पहिल्यांदाच हसली. म्हणाली, आले तेव्हा त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही, तुम्हीच आधी दिसलात. आणि खाली वाकून बघितल्यावर वाटलं, वरची अर्धी कुणाची का असेना, खालची अर्धी तरी आपल्यातली आहे.

आठ दिवसांत आमचं शूटिंग उरकलं आणि पेंटरने स्वतःच्या हाताने तो फलक उतरवला. भीमरावला पुढे खरं कळलं की नाही, मला माहीत नाही. कळलं असलं तरी त्याने सही केली होती आणि वऱ्हाडही पुन्हा फिरकलं नाही.

सिनेमा शहरातल्या थिएटरात लागलाच नाही. पुढची दोन वर्षं जत्रांमधून तंबूत फिरला. माळेवाडीच्या जत्रेत आला तेव्हा अनुसाबाईने मला पत्र टाकून बोलावून घेतलं. पत्रातलं अक्षर मालनचं होतं. ती दहावी पास झाली होती. आम्ही तिघी तंबूत पुढे सतरंजीवर बसलो.

ठाण्याचा सीन आला. पडद्यावर अनुसाबाई दिसली आणि गावाने शिट्ट्या मारल्या. आवाज अर्थातच तिचा नव्हता. स्टुडिओत त्या ठेंगण्या पार्वतीनेच तो भरला होता. आवाज म्हणत होता, ‘इन्स्पेक्टरसाहेब, गुंडांनी माझ्या पोरीला पळवलं हो.’ ओठ म्हणत होते, उद्या बारा वाजून एकोणीस मिनिटांनी. मागे कुणीतरी ओरडलं की आवाज आणि तोंड जुळत नाही, मशीन नीट करा. मालन तोंडावर ओढणी धरून हसत होती. पडद्यावर अनुसाबाई पेन उचलायला खाली वाकली. मी शेजारी बसलेल्या अनुसाबाईकडे बघितलं नाही. तिने माझा हात धरला होता आणि ती वर येईपर्यंत घट्ट धरून ठेवला.

मग माझं वाक्य आलं. त्या अख्ख्या सीनमध्ये तोंड आणि आवाज जुळले ते तिथेच. आई, तुम्ही निश्चिंत घरी जा. उद्या सूर्य मावळायच्या आत तुमची मुलगी तुमच्या घरात असेल. हा शब्द या खाकीचा आहे.

तंबूत टाळ्या पडल्या. अनुसाबाई माझ्या कानाशी वाकली.

‘खाकीचा न्हवं,’ ती म्हणाली. ‘सलवारीचा.’